अभय एकदाच मिळेल

क्षमा नुसती मनात असून भागत नाही. तिचा छापील नमुना असावा लागतो. मनातली क्षमा कोणाला कधी मिळाली आणि कोणाला मिळाली नाही, याचा पुढे काहीच पुरावा राहत नाही. हे ओळखून हार्लन क्रीक विद्यापीठाने सहा वर्षांपूर्वी 'मद्य व अमली पदार्थ आपत्कालीन अभय योजना' सुरू केली. तिच्या समितीचा मी पहिल्या दिवसापासून सचिव आहे. योजनेचं श्रेय डीन लोरेन पिकरिंग मॅडमना जातं. माझा वाटा एवढाच, की तिचा प्रत्येक शब्द मी लिहिलेला आहे.

योजना अगदी साधी आहे. आमच्या राज्यात एकवीस वर्षांखालच्या मुलाने दारूला शिवायचं नाही, आणि वसतिगृहात तर कोणीच नाही. त्यामुळे एखादं पोरगं पिऊन बेशुद्ध पडलं, तर त्याचे मित्र स्वतः अडकायच्या भीतीने कोणाला बोलवत नसत. ही भीती घालवावी म्हणून विद्यापीठाने जाहीर केलं: घाबरू नका, मदत बोलवा, तुम्हाला काही होणार नाही. हे एक वाक्य आणि त्याचा खुलासा करणारी चौतीस पानं, एवढीच काय ती योजना.

चौतीस पानं वाचायला सगळ्यांनाच सवड नसते, म्हणून मुख्य अटी देतो. मदतीचा फोन विद्यार्थ्याने स्वतः करावा. कुणा अधिकाऱ्याला प्रकार कळण्याच्या आधी करावा (कळल्यानंतर केलेला फोन हा पश्चात्ताप समजला जातो, मदत नव्हे). खरं नाव सांगावं. मदत येईपर्यंत जागा सोडू नये. नंतर दीड हजार शब्दांचा 'मी काय शिकलो' हा निबंध द्यावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अभय संपूर्ण विद्यार्थिदशेत एकदाच मिळेल. शेवटच्या अटीवर समितीत एका गृहस्थांनी शंका काढली होती, की मित्र दोनदा बेशुद्ध पडला तर काय? मॅडम म्हणाल्या, "मग माणसानं मित्र नीट निवडावेत." ते गृहस्थ आता समितीत नाहीत.

अभय फक्त दारूपुरतं आहे, हेही सांगायला हवं. मेणबत्त्या, न नोंदवलेला पाहुणा, दिवाणखान्यातून खोलीत नेलेली खुर्ची आणि खोलीतली विजेची शेगडी यांना ते लागू नाही. पहिल्याच वर्षी एका मुलीने मैत्रिणीसाठी रुग्णवाहिका बोलावली. मैत्रीण वाचली. मुलीला दारूबद्दल पूर्ण अभय मिळालं आणि स्ट्रेचर आत आणताना पलंगाखाली दिसलेल्या भाताच्या कुकरबद्दल चाळीस तासांचं श्रमदान. निबंधांचा अनुभवही उद्बोधक आहे. तिसऱ्या वर्षी आलेल्यांपैकी नऊ निबंध शब्दशः सारखे निघाले, त्यामुळे अभयाने वाचवलेल्या नऊ जणांना वाङ्मयचौर्याबद्दल काढून टाकावं लागलं. नऊपैकी एकानेही दारूबद्दल शिक्षा भोगली नाही, याची अहवालात ठळक अक्षरांत नोंद आहे.

यश आकड्यांत सांगायचं तर, योजनेआधी वसतिगृहांतून रुग्णवाहिकेला वर्षाला एकतीस फोन जात. गेल्या वर्षी सहा गेले. म्हणजे बेशुद्ध पडण्याचं प्रमाण ऐंशी टक्क्यांनी घटलं. (गावातलं रुग्णालय म्हणतं की याच वर्षात आमची चव्वेचाळीस मुलं तिथे पोहोचली, त्यांतली तीन दुकानातल्या सामानाच्या ढकलगाडीतून. पण रुग्णालयाचा अहवाल समितीच्या कार्यकक्षेत येत नाही.)

मुलांनीही योजना मनापासून स्वीकारली. अ‍ॅशबी वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी एक पांढरा फळा आहे. त्यावर कपड्यांच्या पाळ्या लिहिलेल्या असतात आणि त्याखाली ज्यांचं अभय अजून वापरायचं राहिलंय त्यांची नावं. कोणी पडलं की मुलं आधी फळ्यापाशी धावतात, यादीतल्या कोणाला तरी गाठतात, आणि मग तो फोन करतो. वापरून झालेल्याचं नाव पुसलं जातं. पहिल्या वर्षाची मुलं येतात तेव्हा त्या मजल्यावर त्यांचं फार प्रेमाने स्वागत होतं. नियमाबद्दल एवढी आस्था मी दुसऱ्या कोणत्याच विद्यापीठात पाहिलेली नाही. फळ्याचा फोटो आमच्या माहितीपत्रकात आहे.

आता मदतवाहिनीच्या फॉर्मबद्दल. योजनेच्या या क्रमांकावर कोणाचा फोन आला, की आमचा माणूस प्रश्न विचारून तो भरतो. तो मी मनाने बनवलेला नाही. दर उन्हाळ्यात नव्या मुलांचे पालक येतात, तेव्हा त्यांना आम्ही एक प्रश्न लेखी विचारतो: 'तुमच्या मुलाचा अडचणीतून फोन आला, तर तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचाराल?' यंदा चारशे बारा पालकांनी उत्तर दिलं. त्यांतल्या तीनशे अठ्ठ्याऐंशी जणांनी लिहिलं, 'तू ठीक आहेस ना?' म्हणजे चौऱ्याण्णव टक्के. जे सगळेच विचारतात ते आपण पुन्हा विचारून वेळ कशाला घालवायचा, असा विचार करून समितीने तो प्रश्न सातव्या क्रमांकावर ठेवला. पहिले सहा असे: कोणाबरोबर आहात, स्वतः प्यायला आहात का, बाटली कोणी आणली, खोली कोणाची, पाहुण्याची नोंद आहे का, मेणबत्ती आहे का.

एवढी पार्श्वभूमी दिली, की ऑक्टोबरातल्या त्या शनिवारचा प्रकार समजायला अवघड जाऊ नये.

शनिवारी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. दुपारी फुटबॉलचा सामना, आणि सकाळी आठपासून मैदानाबाहेर गाड्यांच्या डिक्क्या उघडलेल्या. डिक्कीत बर्फाच्या पेट्या, शेजारी निखाऱ्यांवर सॉसेज, आणि पन्नाशीतली माणसं नारिंगी टोप्या घालून एकमेकांना मिठ्या मारताहेत. विद्यापीठाचा नारिंगी सदरा अंगात असला की कोणत्याही गाडीपाशी हातात ग्लास मिळतो. वय विचारणं हा त्या दिवशी उद्धटपणा समजतात. विद्यापीठाच्या अध्यक्षांचा मांडव अर्थात वेगळा. तिथे बर्फ चौकोनी असतो.

टोबिन हॅस्केल हा पहिल्या वर्षाचा मुलगा. वय अठरा. मक्याच्या शेतांमधल्या कुठल्याशा गावातून आलेला, बोलायला लाजाळू. अ‍ॅशबीच्या तिसऱ्या मजल्यावर आल्यापासून दोन महिन्यांत त्याने निम्म्या मजल्याच्या सायकली फुकटात दुरुस्त करून दिल्या होत्या. त्याचे वडील, डेल हॅस्केल, आमचेच माजी विद्यार्थी. त्यांच्या जुन्या दोस्तांनी सकाळी टोबिनला गाडीपाशी उभं केलं, हॅस्केलचा पोरगा म्हणून त्याच्या पाठीवर थापा मारल्या, आणि प्रत्येकाने स्वतःच्या हाताने एकेक पेला भरून दिला. नाही कसं म्हणायचं हे त्याला माहीत नव्हतं. आमच्या अभ्यासक्रमात ते नाही. साडेबाराच्या सुमारास तो एकटाच धडपडत खोलीवर आला.

एकला दोन मिनिटं कमी असताना रेनाटा वियासेन्योर ग्रंथालयातलं काम संपवून मजल्यावर आली. रेनाटा तिसऱ्या वर्षाला, वय वीस, टोबिनच्याच मजल्यावर राहणारी. टोबिनच्या खोलीचं दार उघडं होतं. तो जमिनीवर उताणा पडलेला, एका पायात बूट नाही, तोंडाशी ओकारी. तिने त्याला कुशीवर वळवलं, हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या. तो उठेना.

इथे वाचकाला वाटेल, की रेनाटा थेंबभरही प्यायलेली नव्हती, मग तिला अभय कशाला हवं? तर आमच्या नियमावलीत कलम अकरा आहे. ज्या खोलीत दारू किंवा दारू प्यायलेला माणूस आहे, तिथे हजर असणं हे पिण्यासारखंच धरलं जातं. दारातून परत फिरलेला विद्यार्थी स्वच्छ. आत जाऊन मित्राला कुशीवर वळवणारा दोषी. मग दोषी झालेल्याला योजना मोठ्या मनाने अभय देते, आणि त्यासाठी त्याने तिथेच थांबलं पाहिजे अशी अट घालते. दोन्ही कलमं शेजारीशेजारी ठेवली की कशी एकमेकांत बसतात, ते पाहण्यासारखं आहे.

रेनाटाचं अभय मात्र पहिल्याच वर्षी वापरून झालं होतं, खोलीतल्या मैत्रिणीसाठी. (ती मैत्रीण आता दातांची डॉक्टर व्हायला शिकते आहे. मेळाव्यात भेटली. छान हसते.) रेनाटाची शिष्यवृत्ती 'शिस्तभंगाची एकही नोंद नसणे' या अटीवर होती, आणि शिष्यवृत्तीशिवाय तिला घरी परत जाण्यावाचून दुसरा रस्ता नव्हता. म्हणून ती फळ्यापाशी धावली. फळ्यावर आठ नावं होती आणि त्यांतले सात जण सामन्याला गेलेले. तिने तिघांना फोन लावले. मैदानातल्या गोंगाटात कोणालाच ऐकू गेलं नाही. फळ्यावरचं आठवं नाव टोबिनचं स्वतःचं होतं.

एक वाजून नऊ मिनिटांनी तिने अभय मदतवाहिनीला फोन केला. शनिवारी मदतवाहिनी माझ्या खिशात असते. मी मांडवात होतो.

"सर, मी रेनाटा वियासेन्योर, अ‍ॅशबी, तिसरा मजला. एक विचारायचं होतं. अभय दुसऱ्यांदा मिळतं का हो?"

"माहितीसाठी फोन केलाय तुम्ही, का मदतीसाठी?" मी विचारलं. (विद्यार्थ्यांना अहोजाहो करावं असं नियमावलीत आहे.)

"दोन्हीसाठी. सर, पोरगा उठत नाहीये, त्याचा..."

"थांबा, थांबा! पुढे बोलू नका."

मी तिला तिच्याच भल्यासाठी थांबवलं, हे समितीपुढेही मी सांगितलं. मी अधिकारी आहे. तिने मला प्रकार सांगितला, की तो अधिकाऱ्याला कळला. आणि अधिकाऱ्याला कळल्यावर केलेला फोन मदतीचा ठरत नाही. तिचं काही नुकसान होऊ नये म्हणून मी तिला सांगितलं, की काय झालंय ते मला अजिबात न सांगता आपण फॉर्म भरून घेऊ.

"कोणाबरोबर आहात?"

"टोबिनबरोबर. टोबिन हॅस्केल. सर, रुग्णवाहिका बोलावली तर माझं नाव जाईल का, एवढंच सांगा ना!"

"दुसरा प्रश्न. तुम्ही स्वतः प्यायल्या आहात का?"

"नाही हो! ग्रंथालयातनं आलेय मी, पुस्तकं लावून. प्लीज, सर."

"बाटली कोणी आणली?"

"मला काय माहीत? सर, त्याचे ओठ निळे पडलेत. मध्येच श्वास थांबतोय, मग एकदम घेतोय."

"तो प्रश्न सातवा आहे. खोली कोणाची?"

इकडे बँड सुरू झाला होता, म्हणून मी दुसऱ्या कानावर हात ठेवला. त्यासाठी ग्लास फोनच्या हातात घ्यावा लागला.

"सर," ती अगदी हळू म्हणाली, "तुमच्या हातात ग्लास आहे ना? बर्फ वाजतोय."

"हा प्रश्न फॉर्मवर नाही," मी म्हणालो. मग पाहुण्याची नोंद विचारली. मेणबत्तीचंही विचारलं.

"खड्ड्यात जाऊ दे तुमचं अभय," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला. एक वाजून सोळा मिनिटांनी तिने ९११ ला फोन केला, स्वतःचं खरं नाव सांगितलं, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत टोबिनचं डोकं मांडीवर धरून बसून राहिली. योजनेच्या सगळ्या अटी तिने अचूक पाळल्या. फक्त योजना तिला लागू नव्हती.

मीही हातावर हात ठेवून बसलो नाही. एक सतराला मी पिकरिंग मॅडमना फोन केला. त्या मांडवाच्या दुसऱ्या टोकाला होत्या.

"फॉर्म पूर्ण झाला का?" त्यांनी विचारलं.

"सातवा रकाना राहिला, मॅडम."

"मग आपल्याला अजून काही कळलेलं नाही," त्या म्हणाल्या. एवढ्या शांत डोक्याची बाई मी दुसरी पाहिली नाही.

टोबिन वाचला. नऊ दिवस रुग्णालयात होता, त्यांतले चार श्वासाच्या नळीवर. डॉक्टरांनी लिहून दिलं, की मेंदूला काही काळ पुरेसा प्राणवायू मिळाला नाही. मुलगा चालतो, बोलतो, फक्त शब्द शोधावे लागतात आणि उजवा हात नीट मिटत नाही. पाना धरता येत नाही त्याला. त्या अहवालात एक वाक्य असंही होतं, की फोन अठरा मिनिटं आधी झाला असता तर यातलं बहुतेक टळलं असतं. त्या अठरांपैकी सात मिनिटं माझी होती. मला वाईट वाटलं. चार-पाच रात्री झोप लागली नाही. इतिवृत्तात हे घेतलेलं नाही, म्हणून इथे लिहितो.

नोव्हेंबरात सुनावणी झाली. रेनाटावर तीन आरोप होते: दारूच्या सहवासात आढळणं, अभय संपलेलं असताना मदत बोलावणं आणि मदत बोलावायला अठरा मिनिटं उशीर करणं. दुसरा आणि तिसरा आरोप एकत्र वाचल्यावर ती हसली. ते हसणंही नोंदवलं गेलं.

"तुम्हाला काही सांगायचंय का?" मॅडमनी विचारलं.

"हो," रेनाटा म्हणाली. "फळ्यापाशी गेले ती माझी चूक. तेवढी मिनिटं मी स्वतःचा विचार करत होते. त्याची काय ती शिक्षा द्या, घेते मी. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

तिला एका सत्रासाठी निलंबित केलं. शिष्यवृत्ती आपोआप गेली. त्यासाठी वेगळा ठराव करावा लागला नाही. पात्र नसलेल्या व्यक्तीने फोन केल्यामुळे टोबिनलाही अभय मिळू शकलं नाही, पण समितीने सहानुभूतीने विचार करून, त्याचा हात सही करण्याइतका चालू लागेपर्यंत कारवाई पुढे ढकलली. राहिलो मी. मी कामावर असताना मद्यपान केलं होतं, हे उघडच होतं. परंतु एक सतराला मॅडमना केलेला माझा फोन हा 'आपत्तीत मदतीसाठी केलेला फोन' या व्याख्येत बसला, खरं नाव मी सांगितलं होतं, आणि जागा तर मी सामना संपेपर्यंत सोडली नव्हती. योजनेचा लाभ मिळालेला मी पहिला कर्मचारी. निबंध लिहून दिला. दीड हजार शब्द कमी पडले.

डिसेंबरात डेल हॅस्केल मुलाचं सामान न्यायला आले. सायकलीच्या हत्यारांची पेटी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि उभेच राहिले. मला वाटलं, आता हा माणूस मला मारणार. मी खुर्ची थोडी मागे घेतली.

"उन्हाळ्यात आमच्याकडनं एक कागद भरून घेतला होता तुम्ही," ते म्हणाले. "तो बघायचाय मला."

मी कपाटातून काढून दिला. त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'तू ठीक आहेस ना?' आणि खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

"त्या दिवशी बारा एकवीसला त्याचा फोन आला होता मला," ते म्हणाले. "मी तुमच्याच मांडवात होतो. चार खुर्च्या सोडून."

मला त्यांचा चेहरा आठवत नव्हता.

"'बाबा, मला कसंतरी होतंय,' म्हणाला. मी म्हटलं, 'प्यायलास का रे?' तो म्हणाला, 'नाही, बाबा.' मी म्हटलं, 'मग रडतोस कशाला? लोक बघतायत, खोलीवर जाऊन पड.'" त्यांनी पेटीच्या कडीशी चाळा केला. "एक्केचाळीस सेकंद. फोनवर दिसतात अजून. आणि बाटली माझ्याच डिक्कीतली होती, माहितीये? मीच आणलेली."

त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं. त्यांना उत्तर बदलायचं होतं. मी त्यांना समजावून सांगितलं, की सर्वेक्षणाची मुदत पंधरा ऑगस्टला संपली आहे आणि एकदा दिलेलं उत्तर बदलता येत नाही. ते रडू लागले तेव्हा मी पेन दिलं, पण कागद परत घेतला.

पुढच्या वर्षीच्या सर्वेक्षणाचं काम सुरू झालं आहे. तुम्ही इतकं वाचलंत, म्हणून तुमचाही कागद मी भरून ठेवला आहे. तुम्हाला तसदी नको. 'पहिला प्रश्न कोणता विचाराल?' या रकान्यात 'तू ठीक आहेस ना?' असंच लिहिलं आहे, दोन रेघांसकट. सगळे तेच लिहितात. प्रत्यक्ष फोन आल्यावर कोण काय विचारतं, याची नोंद आमच्या कार्यालयात ठेवली जात नाही. ती तुमच्या मुलांकडे असते.